गाव पांढरीवर उभं असतं

मागच्या उन्हाळ्यात गावाहून चुलतभावाचा फोन आला. "दादा, गढी काढून राह्यले. जेसीबी लागला काल संध्याकाळपासून."

मी राहतो अकोल्यात. गाव पूर्णेच्या काठी, तासाभराच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो, तोवर भाकरीचा कोर तोडावा तशी गढीची उगवतीकडची बाजू तुटलेली होती. चार ट्रॅक्टर ट्रॉल्या लायनीत उभ्या. दोन ट्रॉल्या शेतात जात होत्या, दोन रस्त्याच्या भरावावर. मोकळ्या झालेल्या जागेवर पाण्याची टाकी होणार, असं कळलं.

कापलेली भिंत उभी होती, दीड-दोन पुरुष उंच. मी तिच्याजवळ गेलो. वरचा हातभर थर गढीच्या भिंतीचा, घट्ट पांढऱ्या मातीचा. त्याच्या खाली राखेचा पट्टा. त्याखाली पिवळसर चोपलेली जमीन, म्हणजे कोणाच्या तरी घरातली भुई. पुन्हा राख. मग भाजल्यासारखी लाल माती. मग खापरं, हाडं, एक फुटकी चूल. आणि अगदी तळाशी एक खापर, आतून काळं आणि बाहेरून तांबडं. ते मी हातात घेतलं आणि दोन मिनिटं तसाच उभा राहिलो. का, ते पुढे सांगतो.

ट्रॉलीजवळ गावातले एक आबा बसले होते. माझ्या वडिलांच्या वयाचे. म्हणाले, "काय पाहतं रे बाप्पा? मातीच त हाये. माती नेली त काय बिघडते?"

त्यांना तेव्हा उत्तर देता आलं नाही. वर्षभर गावोगाव फिरलो, वाचलं, लोकांना विचारलं. ही पोस्ट म्हणजे आबांना द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी साधी गोष्ट. आपल्याकडे जमिनीचे दोन रंग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत. पांढरी म्हणजे वस्ती. जुन्या कागदांत 'काळी पांढरी' असा जोडशब्द येतो, त्याचा अर्थ अख्खं गाव. इतकंच नाही, तर 'समस्त पांढरी' म्हटलं की गावात राहणारी सगळी माणसं. मातीचा रंग माणसांच्या समूहाचं नाव झाला.

पण वऱ्हाडात सगळी जमीन काळी असताना गावाखालची तेवढीच पांढरी कशी? ती निसर्गानं केलेली नाही. ती माणसांनी केली. मातीचं घर बांधायचं, ते तीस-चाळीस वर्षं टिकायचं, मग एखाद्या पावसाळ्यात बसायचं. पडलेली भिंत कोणी उचलून बाहेर नेत नसे. तिथंच पसरायची, चोपायची, वर नवं घर. त्यात रोजची चुलीची राख, शेण, भुसा, गुराढोरांचं मूत, हाडं, चुना. शंभर वर्षांत हातभर थर चढतो. हजार-दोन हजार वर्षांत टेकाड होतं. म्हणून आपली जुनी गावं नेहमी थोडी उंचावर दिसतात. ती उंचावर वसवलेली नाहीत, ती उंच होत गेलेली आहेत.

जगभर हे असंच आहे. इराकमध्ये अशा टेकाडाला 'तेल' म्हणतात, तुर्कस्तानात 'ह्युयुक', ग्रीसच्या थेसली भागात 'मागुला'. आपल्याकडे पांढरी. फरक असा की त्यांच्याकडची बरीच टेकाडं ओस आहेत. आपल्या कित्येक पांढरींवर आजही चुली पेटतात.

आता ती माती लोक नेतात का, तर त्यालाही कारण आहे. राख, शेण आणि हाडांमुळे ही माती म्हणजे फुकटचं खत. पूर्वी चैत-वैशाखात बैलगाड्या जुंपून पांढरी शेतात टाकत. धाब्याच्या घरावर खारी माती टाकायची, कारण ती काळीसारखी भेगाळत नाही आणि पाणी खाली उतरू देत नाही. चूल पोतारायला पांढरी, ओटा सारवायला पांढरी. माझ्या वडिलांनी स्वतः आमच्या चार एकरात गढीमागची माती टाकलेली आहे. मी लहान असताना गाडीवर बसून गेलोय. त्या मातीत सापडलेल्या लाल मण्याची गोटी म्हणून मी खेळलो, आणि हरवलीही. त्यामुळे 'गावच्या अडाणी लोकांनी वारसा नासवला' असं लिहायला मला तोंड नाही. नासवणाऱ्यांत आम्हीही आहोत.

आणि गढी? गढी म्हणजे देशमुखाचं किंवा पाटलाचं मातीचं ठाणं. अठराव्या शतकात वऱ्हाडावर दोन धनी होते, निजाम आणि नागपूरकर भोसले. दोघांचे वसुलीवाले यायचे. पुढे पेंढाऱ्यांचा त्रास. गावाला आडोसा पाहिजे म्हणून उंच भिंती उभ्या राहिल्या. आणि बांधायला माती कुठली? हाताशी होती तीच. उंच जागा कुठली? जुनं टेकाड. म्हणजे गढी अडीचशे-तीनशे वर्षांची, पण ती बसली आहे त्याहून कितीतरी जुन्या वस्तीच्या डोक्यावर. गढी देशमुखाची, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. खालची पांढरी कोणाची, हे कोणी विचारत नाही.

त्या काळ्या-तांबड्या खापराचं आता सांगतो. मडकं भट्टीत पालथं घालून भाजलं की आतल्या बाजूला हवा पोचत नाही, ती काळी राहते. बाहेरची बाजू तांबडी होते. विदर्भात अशी भांडी लोहयुगातल्या आणि त्यापुढच्या वस्त्यांमध्ये सापडतात. एका खापरावरून वय ठरत नाही, ते थर पाहून जाणकारानंच ठरवायचं असतं. पण तेव्हा माझ्या मनात पहिलं नाव आलं ते फुबगावचं.

फुबगाव आपल्या अमरावती जिल्ह्यात, चांदूर बाजार तालुक्यात, पूर्णा नदीच्या वळणावर. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं २०१८-१९ च्या हिवाळ्यात तिथं उत्खनन केलं. हाती काय लागलं? सोनं नाही, मूर्ती नाही. एक गोल घर. गोल भुई, तिच्या कडेनं खांब रोवल्याच्या खळग्या. चुली. अकीक, कार्नेलियन अशा दगडांचे मणी. काळी-तांबडी भांडी. काळ सांगितला तो इसवी सनपूर्व सातव्या ते चौथ्या शतकाच्या दरम्यानचा. म्हणजे बुद्धाच्या आगेमागे पूर्णेच्या काठावर माणसं कुडाची गोल घरं बांधून, चूल मांडून राहत होती. त्या वस्तीचा चौथा हिस्सा नदीनं केव्हाच कापून नेलाय. उरलेलं शेतात आहे.

मी गेलो तेव्हा तिथं पऱ्हाटीचं शेत होतं. एक काकू निंदत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "हो, सायेब लोक आलते. चार महिने झाडूनझुडून पाहत होते. आमाले म्हने, तुमच्यावानीच लोक राहत होते अथी. म्या म्हटलं, मंग नवं काय सांगतल?"

त्यांचं हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. नवं काय सांगितलं? खरंच, तेच तर सांगितलं. पण ते कळायला खणावं लागलं, कारण तसं कोणी लिहून ठेवलं नव्हतं. राजांनी ताम्रपट लिहिले. कुडाच्या गोल घरातल्या बाईची नोंद फक्त मातीत आहे. ती माती रस्त्याच्या भरावात गेली की नोंद संपली.

ताम्रपटाचं नाव निघालंच आहे, तर चम्मकचं सांगतो. अचलपूरजवळचं गाव. तिथं वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. पाचव्या शतकातला. त्यात राजानं 'चर्मांक' नावाचं गाव हजार ब्राह्मणांना दान दिल्याचं लिहिलंय. गाव कुठं? मधुनदीच्या काठी, भोजकट राज्यात. भोजकट म्हणजे आपलं भातकुली, असं अभ्यासक मानतात. चर्मांकचं चम्मक झालं आणि दीड हजार वर्षं त्याच नावानं नांदतंय. एसटीच्या पाटीवर आपण जे नाव वाचतो ते वाकाटकांच्या कचेरीत लिहिलं गेलेलं आहे.

त्या ताम्रपटातली अटींची यादी मला फार आवडते. दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी करायची नाही, आणि दुसऱ्या गावांशी लढाई करायची नाही किंवा त्यांना त्रास द्यायचा नाही. तसं वागले तर दान परत. धुऱ्यावरून, पाण्यावरून गावागावांची भांडणं तेव्हाही होत असणार, त्याशिवाय राजानं हे तांब्यावर कोरलं नसतं.

आता कौंडण्यपूर. तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी. विदर्भाची जुनी राजधानी कुंडिनपूर ती हीच, अशी परंपरा. भीमक राजाची लेक रुक्मिणी इथली, अंबिकेच्या देवळातून कृष्णानं तिला नेलं, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. माहेरची म्हणून रुक्मिणीची पालखी इथून पंढरपूरला जाते. ही पालखी चारशे वर्षांहून जुनी असल्याचं सांगतात, आणि विदर्भातून निघणाऱ्या जुन्या पालख्यांमध्ये तिचा मान आहे.

पुराणकथा एका बाजूला ठेवू. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मो. गं. दीक्षित यांनी इथं उत्खनन केलं. त्याचा अहवाल १९६८ मध्ये छापून आला. त्यातून वस्तीचे थरावर थर दिसले. लोहयुगाच्या काळापासून मौर्य, सातवाहन आणि त्याच्याही पुढे. रुक्मिणीचा राजवाडा सापडला का, असं मला बरेचजण विचारतात. उत्खननात राजवाडे सहसा सापडत नाहीत. सापडतात भुया, चुली, रांजण, मणी, नाणी. पण माणसं इथं दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी राहत होती, आणि पुन्हापुन्हा याच जागी येऊन राहिली, एवढं पक्कं.

मी कार्तिकात गेलो होतो. यात्रेचे दिवस. नदीकडे उतरणारा घाट, वर देवळं, रस्त्याच्या कडेला फुटाणे-रेवड्यांची दुकानं. गर्दीतून बाजूला निघालो आणि टेकाडाकडे चालत गेलो. पायाखाली खापरं करकर वाजत होती. बकऱ्या चरत होत्या. एका घराच्या मागच्या भिंतीत मला जुन्या मोठ्या विटा बसवलेल्या दिसल्या, आजच्या विटेच्या दीडपट-दुप्पट. घरमालकाला विचारलं. तो म्हणाला, "बावाच्या वेळच्या हायेत. खांदताना निंगाल्या. चांगल्या होत्या, लावल्या." त्याच भिंतीला दोरी बांधून धुणं वाळत घातलेलं होतं.

शहरातला माणूस हे पाहून हळहळतो. मी पण आधी हळहळलो. मग वाटलं, या विटेचं याहून चांगलं काय व्हायचं होतं? संग्रहालयाच्या गोदामात ती नंबर लावून पडली असती. इथं ती अजून भिंतच आहे. फक्त ती कुठल्या थरातून निघाली, तिच्याशेजारी काय होतं, हे कोणी टिपून घेतलं असतं तर दोन्ही कामं झाली असती.

यावरून ग्रीसची एक गोष्ट आठवते. डेल्फी हे तिथलं फार मोठं देवस्थान, अपोलोचं. राजे लढाईआधी तिथं कौल लावायला जात. काळ गेला, देऊळ पडलं, आणि त्याच्या दगडांवर कास्त्री नावाचं गाव वसलं. देवळाच्या खांबाचा तुकडा उंबरठ्याला, कोरीव शिळा गोठ्याला. आपल्यासारखंच. पुढे फ्रेंच अभ्यासकांना तिथं खोदायचं होतं. ग्रीक सरकारशी करार झाला आणि १८९० च्या दशकात अख्खं गाव उठवून थोड्या अंतरावर नेऊन वसवलं. मग खाली देऊळ, खजिने, प्रेक्षागार, सगळं उघडं झालं. आज लाखो लोक ते बघायला जातात. कास्त्री मात्र बघायला कोणी जात नाही, कारण ते आता त्या जागी नाहीच.

अथेन्सच्या अक्रोपोलिसवरही एकेकाळी तुर्की अमलातली घरं होती, पार्थेनॉनमध्ये मशीद होती. ग्रीस स्वतंत्र झाल्यावर ते सगळं काढून टाकलं. 'शुद्ध' ग्रीक तेवढं ठेवलं. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा थर हवा म्हणून मधल्या कित्येक शतकांचे थर पुसले.

आपल्याकडे हंपीत २०११ मध्ये बाजारातल्या मंडपांत राहणाऱ्या लोकांना हलवलं, ती बातमी काहींना आठवत असेल. जुनं वाचवायचं म्हणून जितं हटवायचं, हा एक मार्ग. दुसरा मार्ग आपला, जित्याच्या सोयीसाठी जुनं जेसीबीनं काढायचं. दोन्हींत एक गृहीत धरलंय, की दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत. आणि आपली गावं तर दोन हजार वर्षं नेमकं तेच करून दाखवत आली आहेत.

बाळापूरला जाऊन बघा. अकोल्यापासून पंचवीसेक किलोमीटर. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर किल्ला. किल्ल्याच्या पायथ्याशी बाळादेवीचं देऊळ, तिच्यावरूनच गावाचं नाव. पूर आला की तीन बाजूंनी पाणी. नदीच्या काठी मिर्झाराजे जयसिंगांच्या नावानं ओळखली जाणारी काळ्या दगडाची छत्री. तिथं मी गेलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ छत्रीच्या सावलीत शेळ्या घेऊन बसले होते, आणि खाली पात्रात कपडे धुणं चालू होतं. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी सावलीसाठी बांधलेली वास्तू अजून सावली देतेय.

बाळापूरचा विषय निघालाय तर एक दुरुस्तीही सांगून टाकतो. इंटरनेटवर सर्रास फिरतं, की किल्ल्याचं काम औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं १७२१ मध्ये सुरू केलं आणि एलिचपूरच्या इस्माईलखानानं १७५७ मध्ये पुरं केलं. आता बघा, आझमशहा १७०७ मध्येच जाजऊच्या लढाईत भावाविरुद्ध लढताना मारला गेला. मेलेला माणूस चौदा वर्षांनी किल्ला कसा बांधेल? नाव तरी चुकलंय किंवा साल तरी. मधल्या १७२० मध्ये याच बाळापूरजवळ निजामुल्मुल्कानं आलमअलीखानाचा पराभव केला. आणि १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून तो दख्खनचा धनी झाला. म्हणजे हैदराबादच्या निजामशाहीचा पाया आपल्या वऱ्हाडात घातला गेला. हे आपल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही, आणि चुकीची सालं मात्र स्टेटसला फिरतात.

बार्शीटाकळीचं कालंकादेवीचं देऊळही असंच. तिथल्या शिलालेखात शके १०९८ आहे, म्हणजे इसवी सन ११७६ च्या सुमाराचं. साडेआठशे वर्षं. नवरात्रात तिथं आजही बाया ओटी भरायला येतात. पुरातत्त्ववाल्यांसाठी ते 'स्मारक' आहे, गावासाठी ते फक्त 'देवीचं देऊळ'. दोघंही खरं बोलतात.

आता मुद्द्यावर येतो. कायदा काय म्हणतो? केंद्रानं संरक्षित केलेलं स्मारक असेल तर १९५८ चा कायदा लागतो. २०१० च्या दुरुस्तीनं स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी घेऊन. राज्याचा १९६० चा वेगळा कायदा आहे, राज्य संरक्षित स्मारकांसाठी. म्हणजे यादीत नाव असेल तर शेजारच्या गरिबाला घरकुलाची भिंत उभी करायलाही कागद लागतो. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाला दोन वर्षं त्या कागदासाठी हेलपाटे घालावे लागले. कोणत्या कचेरीत, ते सांगत नाही. त्यानं काही साधणार नाही.

आणि यादीत नाव नसेल तर? तर काहीच नाही. आमच्या गढीचं नाव कुठल्याच यादीत नाही. वऱ्हाडातल्या बहुतेक गढ्यांचं नाही. इकडे वीटही हलवायची नाही, तिकडे अख्खं टेकाड उचला. मधलं काहीच नाही. ज्या घराशेजारी स्मारक आहे तो माणूस म्हणतो, यादीत नसतं तर बरं झालं असतं. आणि दुसरं गाव ते ऐकून घेतं, आणि आपली गढी यादीत जाऊ नये म्हणून आधीच सपाट करतं. हे मी कानानं ऐकलंय.

मातीत काही सापडलं तर काय, यालाही कायदा आहे. १८७८ चा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गाडलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. ते दहा रुपये अजून दहाच आहेत. म्हणून सापडलं तर लोक गप्प बसतात. नाणी सोनाराकडे जातात, मणी पोरांच्या खिशात, खापरं भरावात.

मोठ्या प्रकल्पांचं तर वेगळंच. बुलडाणा जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यात भोन नावाचं गाव आहे. तेही पूर्णेकाठी. डेक्कन कॉलेजच्या भास्कर देवतारे यांनी तिथं उत्खनन केलं. विटांचा बौद्ध स्तूप निघाला, मातीच्या कड्यांच्या विहिरी निघाल्या, एकावर एक कडी रचलेल्या. मौर्य काळाच्या आसपासचं गाव. आणि ही जागा जिगाव धरणाच्या बुडित क्षेत्रात येते. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला गोड पाणी पाहिजे, हे मला कोणी सांगायला नको. मी त्याच पट्ट्यातला आहे. आमच्या विहिरीचं पाणी पिकाला टाकलं तर जमीन मिठासारखी पांढरी पडते. तेव्हा धरण नको असं मी म्हणणार नाही. पण दोन हजार वर्षांपूर्वी याच खाऱ्या पट्ट्यात माणसं विहिरी कशा बांधत होती, पाणी कसं आणत होती, हे ज्या जागेला ठाऊक आहे तीच जागा आपण न वाचता पाण्याखाली घालणार असू, तर तो व्यवहार जरा घाट्याचा आहे.

आता आमच्या गावाचं काय झालं ते सांगतो. गोड शेवट नाही.

त्या दिवशी मी सरपंचांना भेटलो. तरुण माणूस, माझ्याहून लहान. मी खापर दाखवलं, फुबगावचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दादा, तुम्ही अकोल्याले नळाचं पानी पेता. अथी बायका आठ दिवसांनी पानी भरतात. टाकी उंच जागेवरच लागते. गावात उंच जागा कोनती हाये? गढी. आता सांगा, लोकाईले पानी पायजे का खापरं?"

मला राग आला नाही, कारण माणूस खोटं बोलत नव्हता. पण एक विचारलं, "टाकीला जागा किती लागते?" म्हणाले, "चाळीस बाय चाळीस." गढी होती एकरभर. म्हणजे टाकीसाठी चाळीस बाय चाळीस आणि बाकी सगळं मातीसाठी. टाकी निमित्त होती, असं मी म्हणणार नाही. पण टाकीच्या मागून ट्रॉल्या लागल्या हे खरं.

पुढची ग्रामसभा खूप तापली. एकजण म्हणाला, गढी देशमुखाची, आमच्या बापजाद्यांनी तिथं वेठ केली, पडू द्या. तेही खरं आहे. गढीच्या भिंतीत वेठबिगारीचा घाम आहे, आणि तो विसरून 'आमचा गौरवशाली वारसा' म्हणून पोवाडे गायला मी तयार नाही. मी उठून एवढंच बोललो, "वरची गढी देशमुखाची होती. खालची पांढरी आपली हाये. वेठ करणाऱ्याचं घर, चूल, मडकं, सगळं थ्याच्यात हाये. देशमुखाचं नाव कागदात राहीन. आपलं नाव फक्त मातीत हाये."

टाळ्या वगैरे काही पडल्या नाहीत. पण मागून एक मावशी बोलल्या, "मंग आमी पोतारायले माती कुठून आनाची?" सगळे हसले, आणि सभा जरा सैल झाली.

शेवटी ठराव झाला. टाकी होईल, झाली पण. पाणी आता तिसऱ्या दिवशी येतं, ते चांगलंच झालं. गढीची मावळतीकडची अर्धी बाजू तशीच ठेवायची. तिथून ट्रॅक्टर लावून माती न्यायची नाही. घरच्या कामाला घमेलंभर नेली तर चालेल. कोणाला काही सापडलं तर शाळेत आणून द्यायचं, गुरुजी तारखेनिशी वहीत लिहितील. वहीत आतापर्यंत एकोणीस नोंदी झाल्या आहेत. बहुतेक खापरंच. दोन मणी. एक जात्याची तळी. एक मातीचा बैल, शिंग मोडलेला. हुबेहूब आपल्या पोळ्याच्या बैलासारखा.

अर्धी गढी गेली ती गेली. त्या उघड्या भिंतीचे मी फोटो काढून ठेवलेत, पट्टी लावून. त्या पावसाळ्यात ती भिंत बसली. फोटोत आहे तेवढंच आता शिल्लक.

तर आबा, तुम्ही विचारलं होतं, माती नेली तर काय बिघडते. घमेल्यानं नेली तर काही बिघडत नाही. तुमच्या आजीनं नेली, माझ्या बापानं गाडीनं नेली, त्यांच्याआधीही लोकांनी नेली असेल, आणि तरी गाव थरावर थर चढत राहिलं. कारण जेवढं नेलं तेवढं राख-शेण-माती होऊन परत येत होतं. पण जेसीबी दोन दिवसांत दोन हजार वर्षं उचलतो, आणि सिमेंटच्या घराची पांढरी होत नाही. आता गेलेली माती परत येणार नाही. आपल्यानंतरच्या माणसाला आपण कोण होतो हे सांगायला नवा थर तयार होत नाहीये, हा खरा बिघाड.

तुम्ही वाचणारे बहुतेक अकोला-अमरावतीकडचेच आहात. तुमच्या गावात गढी असेल, पांढरीचं टेकाड असेल. फार काही करू नका. एकदा जा, चारही बाजूंनी मोबाईलनं फोटो काढा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये ती जागा कोणाच्या नावानं आहे ते विचारा. गावातल्या जुन्या माणसाला विचारा, तिथं काय काय सापडलं होतं. लिहून ठेवा. शाळेत एक वही सुरू करा, रुपयाचा खर्च नाही. आणि ट्रॉली लागलीच, तर आधी एक प्रश्न विचारा, जागा किती लागते आणि माती किती नेताय.

मागच्या आठवड्यात गावी गेलो होतो. त्या मावशी घमेलं घेऊन गढीकडून येत होत्या. मला पाहून थांबल्या. म्हणाल्या, "घमेलंभरच हाये हो भाऊ, ठरावात बसते."

म्हटलं, बसते मावशी. न्या.